ओल्या बुटांची गोष्ट

सुरतेत वीज फारशी जात नाही, त्यामुळे आमच्या कोसाडच्या घरात गोष्टीला दुसरं निमित्त शोधावं लागतं. या खेपेला ते नातीच्या ओल्या बुटांनी दिलं. सुट्टीत मावशीकडे रोह्याला गेली होती, तिथून कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करून आली.

"आबा, पाणी एवढं पांढरं का होतं?"

म्हटलं, ते राहू दे. आधी सांग, ऐन मे महिन्यात त्या नदीत एवढं पाणी आलं कुठून?

गप्प!

तर ऐक. ते पाणी कुंडलिकेचं नव्हेच. घाटमाथ्यावर मुळा नदी आहे, पुण्याकडे जाणारी. तिने भीमेला मिळायचं, भीमेने कृष्णेला आणि सगळ्यांनी मिळून बंगालचा उपसागर गाठायचा, असा बेत होता. पण टाटांनी मुळशीला तिची वाट अडवली. धरण नको म्हणून 1921 साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. गावं बुडायची ती बुडालीच. अडलेलं पाणी डोंगराच्या पश्चिम बाजूने, नळांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला आणलं. 1927 पासून तिथे वीज होते. चक्र फिरवून झालं की ते पाणी कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. निघालं होतं पूर्वेला, पोचलं पश्चिमेला! म्हणून राफ्टवाले सकाळी उठल्यावर आधी पाणी सुटल्याची खबर घेतात. सुटलं तर नदी, नाही तर नुसते धोंडे.

"आमचा गाईड सारखा पुढे टक लावून बघायचा," ती म्हणाली.

तो पाण्यावरचे बाण वाचत होता. दोन खडकांच्या मधून गुळगुळीत पाण्याची जीभ पुढे निमुळती होत जाते, तिथे बोट घालायची. पण बाणाचं टोक आपल्याकडे असेल तर खबरदार, त्या टोकाखाली धोंडा दडलेला असतो. आणि मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी चक्क उलटं, वरच्या दिशेला वाहतं. तिथे बोट घालून दम खाता येतो.

आता तुझा पांढरा रंग. मी तिला मोरीत नेलं आणि हिरवा साबण हातावर चोळायला सांगितला. फेस कसला झाला? पांढरा! खडकांवर आपटून पाण्यात हवा कोंडली जाते, तिचे लाखो बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुडा उजेड वाकवतो, परतवतो, आणि सगळे रंग सारखेच उधळतो. सगळे रंग एकत्र आले की डोळ्याला पांढरं दिसतं. दळलेली साखर खड्यापेक्षा पांढरी दिसते, तीही याच कारणाने.

पण त्या फेसात एक लबाडी आहे. हवा मिसळलेलं पाणी हलकं, म्हणून ते माणसालाही कमी उचलून धरतं. लाईफ जॅकेट घातलेला माणूस फेसात जास्त खोल जातो.

"आपल्या तापीत का नाही असं पाणी?"

आहे की! मुलताईहून समुद्रापर्यंतच्या 724 किलोमीटरांपैकी बहुतेक वाट चालून, आपल्या खानदेशातून, उकाई धरण ओलांडून ती इथे येते तेव्हा संथ झालेली असते. पण सिंगणपोरच्या कॉजवेवरून पावसाळ्यात कोसळते ती बघ. दिसायला कुंडलिकेपेक्षा साधी, एकसारखी पांढरी पट्टी. माझ्या मते तीच जास्त घातकी. खडकांच्या मधून निसटायला फटी असतात, कॉजवेच्या सरळ भिंतीखाली या काठापासून त्या काठापर्यंत फटच नाही. वरून पडलेलं पाणी पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे फिरतं, आणि त्यात सापडलेलं लाकूडसुद्धा तिथेच गोल गोल फिरत राहतं.

पातळी 6 मीटरच्या वर गेली की कॉजवेवरची रहदारी बंद करतात. त्या दिवशी नातवंडांना जरूर न्या, पण कठड्यामागून दाखवा.