ट्रामने हलवलेली वेधशाळा आणि हजार गॉसचं घड्याळ

मुंबईत विजेची ट्राम पहिल्यांदा धावली ती ७ मे १९०७ रोजी. शहराला तिचं अप्रूप वाटलं, पण कुलाब्याच्या वेधशाळेत तिच्या नुसत्या चाहुलीने काही वर्षं आधीच धाबं दणाणलं होतं. १८२६ साली उभ्या राहिलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाचा तडाखाही तिथे टिपला गेला होता. आता जवळच ट्रामच्या तारांतून वीज वाहू लागली, की तिच्याभोवतीही चुंबकीय क्षेत्र तयार होणार. मग उपकरणाची सुई हलली ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, हे सांगणार कोण?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात यावर तोडगा निघाला, तो समुद्रापलीकडच्या अलिबागचा. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे जुन्या आकड्यांची मालिका नव्या जागेशी नीट जोडता आली. ती आजही चालू आहे. अलिबागची वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

अलिबागच्या इमारतीची गंमत अशी, की आजूबाजूला हवा तितका काळा कातळ असूनही तो वापरता आला नाही. कोकणच्या या बेसॉल्टमध्ये लोहाची चुंबकीय खनिजं असतात. म्हणून दगड आणला तो थेट पोरबंदरहून, तोही तपासून. लोखंड शक्य तितकं टाळलं आणि धातू लागला तिथे तांबं-पितळ वापरलं.

विजेने हैराण झालेलं आणखी एक नाजूक यंत्र याच काळात लोकांच्या मनगटावर येत होतं. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग सैल होताना चाकांना जोर देते. हा जोर एका दमात संपू नये म्हणून त्याला लगाम घालतं ते बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं एक चिमुकलं चाक. त्याला दर वेळी परत फिरवते केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. अनेक आधुनिक घड्याळांत सेकंदाला आठ ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके. दहा हजारांत एकाची चूक झाली, तरी दिवसाअखेर घड्याळ साडेआठ सेकंदांहून अधिक चुकतं.

पूर्वी ही हेअरस्प्रिंग पोलादाची असे. जोरदार चुंबकाजवळ गेली, की तिचे वेढे एकमेकांना चिकटत. चिकटलेली स्प्रिंग आखूड स्प्रिंगसारखी वागते, चाक भराभर झुलतं आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. निकेल आणि पोलाद यांच्या मिश्रधातूंच्या अभ्यासासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या मिश्रधातूंनी हेअरस्प्रिंगची उष्णतेपासूनची डोकेदुखी बरीच कमी केली, पण चुंबकाचं संकट उरलंच.

गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप. अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसपेक्षाही कमी भरतं. पण वीजकेंद्रात, प्रयोगशाळेत, विजेच्या मोठ्या मोटरींजवळ काम करणाऱ्यांच्या मनगटाला शेकडो गॉसशी गाठ होती. त्यांच्यासाठी आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीने १९५५ मध्ये ‘इंजेनिअर’ आणलं, रोलेक्सने १९५६ मध्ये ‘मिलगॉस’ आणि ओमेगाने १९५७ मध्ये ‘रेलमास्टर’. मिलगॉस हजार गॉसपर्यंत तग धरतं, असा रोलेक्सचा दावा होता. युरोपातल्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांशी त्याचं नाव जोडलं जातं. आजही चुंबकरोधक म्हणवून घ्यायला घड्याळाने सुमारे साठ गॉस सोसले, तरी आंतरराष्ट्रीय मानकाला ते पुरतं.

एवढा मारा घड्याळ सोसतं ते लोखंडाच्या जोरावर. मिलगॉसच्या पोलादी केसच्या आत मृदू लोखंडाचं आणखी एक कवच असतं. चुंबकीय रेषांना हवेपेक्षा या लोखंडातून जाणं सोपं, म्हणून त्या कवचातून वळसा घालून निघून जातात आणि आतलं यंत्र बचावतं. अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र स्वच्छ आत यावं म्हणून लोखंड बाहेर ठेवलं. इथे बाहेरचं क्षेत्र आत येऊ नये म्हणून यंत्राभोवती लोखंडच लपेटलं.

संग्राहक मिलगॉसवर जीव टाकतात त्याचं मूळ या न दिसणाऱ्या कवचात आहे. वेळ पाहायची तर बाजारातलं पाचशे रुपयांचं क्वार्ट्‌झ घड्याळ अधिक बिनचूक चालतं, हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. त्यांना हवी असते एका नेमक्या अडचणीवर काढलेली नेमकी युक्ती, आणि तिच्या खुणा मिलगॉसवर जागोजागी दिसतात. तारखेची खिडकी नाही, कारण कवचाला जितकी भोकं कमी, तितकं ते कामाचं. पहिल्या ‘६५४१’ या मॉडेलचा सेकंदकाटा विजेच्या लोळासारखा नागमोडी, कोणत्या संकटाशी गाठ आहे ते तबकडीवरच सांगणारा. पुढच्या ‘१०१९’ मध्ये काटा सरळ झाला.

दुसरं कारण अपयशाचं. हे घड्याळ त्या काळी फारसं खपलं नाही. कुठल्याच चुंबकाशी संबंध नसलेल्या गिऱ्हाइकाने कवचासाठी जास्तीचे पैसे का मोजावेत? शेवटी १९८८ च्या सुमारास ते बंद पडलं. खप कमी म्हणून नग कमी. त्यातही जुन्या घड्याळांचे काटे आणि तबकड्या सर्व्हिसिंगच्या वेळी सर्रास बदलल्या जात. मूळ नागमोडी काटा, मूळ तबकडी आणि सोबतचे कागद असं सगळं एकत्र सापडणं म्हणूनच दुर्मीळ. मे २०२३ मध्ये फिलिप्सच्या जिनिव्हातल्या लिलावात असं एक ‘६५४१’ बावीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेलं.

त्याच वर्षी नव्या मिलगॉसचंही उत्पादन थांबलं. २००७ मध्ये ते नारिंगी नागमोडी काटा घेऊन परतलं होतं. हिरवट काचेचं रूप खूप गाजलं. पण तोवर हेअरस्प्रिंगच बदलली होती. रोलेक्सची निळी स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमची, चुंबकाला दाद न देणारी. ओमेगाने तर २०१३ मध्ये सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आणि इतर अचुंबकीय भाग वापरून, लोखंडी कवचाशिवाय १५,००० गॉस सोसणारं यंत्र दाखवलं. आतला भागच चुंबकाला भीक घालत नसेल, तर बाहेर चिलखत कशाला?

चुंबकं मात्र घराघरांत वाढली आहेत. मोबाइलचा स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, कपाटाच्या दाराची कडी, सगळीकडे ती असतात. मांडव्याच्या बंगल्यातलं महागडं घड्याळ असो की रेवदंड्यातल्या घरात आजोबांनी जपलेलं चावीचं, ते एकाएकी पुढे पळू लागलं, तर एक साधं होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्याजवळ न्यावं. सुई जोरात फिरली, तर आत चुंबकत्व शिरल्याचा दाट संशय घ्यावा. मोबाइलमधलं होकायंत्र यासाठी वापरू नये, कारण मोबाइलमध्ये स्वतःचंच चुंबक असतं. जाणत्या घड्याळजीकडे तारेचं वेटोळं असलेलं छोटं यंत्र असतं. त्यात उलटसुलट वाहणारी वीज सोडून घड्याळ हळूहळू दूर नेलं, की चुंबकत्व उतरतं. काम काही सेकंदांचं, आणि पुष्कळदा त्यासाठी घड्याळाचं मागचं झाकणही उघडावं लागत नाही.