अदलाबदल

पाहुणा आला की रत्नागिरीकर त्याला ठरल्या क्रमाने फिरवतो. रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान, मग पतितपावन मंदिर आणि उन्हं कलताना थिबा पॅलेस. अर्ध्या दिवसात गाव पाहून होतं. पण या चारांपैकी तीन ठिकाणांचा धागा एकेका हद्दपारीशी जुळतो, ही गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. राजाचं वय तेव्हा अवघं सव्वीस. रंगून आणि मद्रास करत एप्रिल 1886 मध्ये त्याला इथे आणलं. पुढे समुद्र, पाठीशी सह्याद्री, रेल्वेचं नाव नाही आणि पावसाळ्यात बोटीही बंद! राजाला त्याच्या माणसांपासून तोडायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? आपल्या बहादूरशाह जफरला याच सरकारने 1858 मध्ये रंगूनला धाडलं होतं. इथला बादशहा तिथे, तिथला राजा इथे, असा तो हिशेब.

दुसरी अदलाबदल याहून चमत्कारिक आहे. 1856 साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं कुठे, तर थिब्याच्या मंडालेला. इकडे बंगल्यांत चोवीस वर्षं काढल्यावर 1910 मध्ये राजाला लाल भिंतींचा, उतरत्या छपरांचा पॅलेस मिळाला. तिकडे त्याच हिवाळ्यात टिळक तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. रत्नागिरीचा माणूस मंडालेत, मंडालेचा रत्नागिरीत आणि दोघांवर पहारा एकाच सरकारचा.

तिसरे सावरकर. 1924 मध्ये त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. तेरा वर्षं ते या हद्दीत राहिले. राजकारणाचं दार बंद, म्हणून त्यांनी देवळाचं दार उघडायला घेतलं. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून 1931 मध्ये सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन उभं राहिलं.

माणूस उचलून समुद्रापार ठेवायचा ही युक्ती सगळ्याच साम्राज्यांची. इजिप्तच्या उराबी पाशाला इंग्रजांनी 1882 मध्ये सिलोनला पाठवलं. 1919 मध्ये तिथल्याच झगलूल या नेत्याला माल्टाला नेलं, तर कैरोपासून खेड्यापाड्यापर्यंत देश पेटला आणि 1922 मध्ये इंग्रजांना इजिप्तचं स्वातंत्र्य, अटी घालून का होईना, जाहीर करावं लागलं. फ्रेंचांनी 1953 मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाला, पाचव्या मोहम्मदाला, आधी कॉर्सिकात आणि मग मादागास्करला नेऊन ठेवलं. दोन वर्षांत त्यालाच परत आणणं भाग पडलं आणि मार्च 1956 मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. राजा नेला की प्रजा गप्प बसते, हा हिशेब तिथे साफ चुकला.

थिब्याच्या वाट्याला असं परतणं आलं नाही. पॅलेसमध्ये तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर 1916 मध्ये वारला. राणी सुपयालतला 1919 मध्ये परतायची मुभा मिळाली, तीही रंगूनपुरतीच. ब्रह्मदेश 4 जानेवारी 1948 रोजी स्वतंत्र झाला, पण त्याच्या शेवटच्या राजाची कबर रत्नागिरीच्या शिवाजीनगरातच राहिली. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

थोरली राजकन्या मात्र रंगूनला जाऊन पुन्हा इथेच आली. तिने इथल्याच माणसाशी संसार केला होता. तिची मुलगी रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, इथलीच होऊन गेली. हद्दपारीच्या हुकुमात या कलमाची तरतूद नव्हती. म्हणून पाहुण्याला पॅलेस दाखवून झाला की गाडी शिवाजीनगरकडे वळवावी. राजा कुणाचा होता हे तिथे सांगावं आणि नातवंडं कुणाची झाली, हेही.