संकेतस्थळ-निर्देशिकांची पारख
संकेतस्थळांची विषयवार वर्गवारी करून त्यांचे दुवे एकत्र देणाऱ्या सूचीला वेब डिरेक्टरी किंवा निर्देशिका म्हणतात. १९९४ साली सुरू झालेली याहूची निर्देशिका २०१४च्या अखेरीस, तर स्वयंसेवक संपादकांनी चालवलेली ‘डीमॉझ’ २०१७ मध्ये बंद पडली. तरी प्रत्येक नोंद माणसाने तपासूनच स्वीकारावी, ही त्यांची कसोटी आजही उपयोगी पडते. म्हणून नोंदणीपूर्वी निर्देशिकेचा एखादा विभाग उघडून पाहावा: वर्णने तटस्थ आहेत की जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला आहे, दुवे चालू आहेत की बंद, आणि दंतवैद्यांच्या यादीत जुगाराची संकेतस्थळे घुसली आहेत का, हे दहा-बारा नोंदी चाळल्यावर बहुधा लक्षात येते. शुल्क आकारणे हा मुळात दोष नव्हे. याहूही व्यापारी संकेतस्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असे, मात्र ते परीक्षणासाठी असत आणि त्यात स्वीकृतीची हमी नसे. याउलट, पैसे भरताच नोंद देणारी किंवा बदल्यात स्वतःचा दुवा लावण्याची अट घालणारी निर्देशिका टाळावी, कारण शोधयंत्राच्या निकालांत वरचे स्थान मिळवण्यासाठी केलेली अशी देवाणघेवाण गूगलच्या धोरणानुसार ‘लिंक स्पॅम’, म्हणजे दुव्यांचा गैरवापर, ठरते.