लायकेन स्क्लेरोसस : लेझर काय करतो, काय करत नाही

लघवीच्या जागी महिनोन्‌महिने खाज, रात्री अंथरुणात पडल्यावर जास्तच. मेडिकलमधून आणलेलं बुरशीचं मलम संपतं, खाज मात्र तशीच. मग पांढरे चट्टे दिसतात आणि कोडाची शंका येते. पण कोडात कातडीचा रंग जातो, पोत बिघडत नाही. इथे कातडी पातळ होते, सुरकुतते, चिरते. लघवी लागली की झोंबते. हा आजार म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. तो रजोनिवृत्तीनंतर जास्त दिसतो, लहान मुलींनाही होतो, पण एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दुर्लक्ष झालं तर आतले ओठ सपाट होत जातात, योनीमुख आवळतं आणि काही थोड्या स्त्रियांना त्या जागी कर्करोग होतो.

पहिला उपचार आजही मलमाचाच: ०.०५ टक्के क्लोबेटासॉल. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. सहसा महिनाभर रोज, पुढचा महिना एक दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की पुष्कळजणी घाबरून मलम मध्येच सोडतात आणि त्रास उलटतो. लेझरचा विषय अनेकदा इथेच निघतो.

यासाठी बहुधा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. त्याच्या किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हे किरण पाणी चटकन शोषून घेतं आणि कातडीत पाणी भरपूर असतं. किरण पडतो तिथल्या पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि सूक्ष्म छिद्र पडतं. थालीपिठाला बोटाने भोकं पाडतात तशी ही छिद्रं अंतराअंतरावर असतात. मधली कातडी शाबूत राहते आणि तिच्याकडूनच जखमा लवकर भरतात. भरताना नवं कोलॅजन तयार होतं, कातडी लवचीक होईल अशी अपेक्षा असते.

आधी बधिर करणारं मलम लावून थांबवतात. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असतात, निघणारा धूर यंत्राने ओढून घेतात. प्रत्यक्ष लेझर काही मिनिटांतच होतो. अशा साधारण तीन बैठका, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. नंतर काही दिवस आग, सूज. पूर्वी नागीण जातीचे फोड आले असतील तर आधीच सांगावं, लेझरने ते उलटू शकतात. सावळ्या कातडीवर काळे डागही राहू शकतात.

आता परिणामाचं. २०२१ साली अमेरिकेतल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत काहींना खरा लेझर दिला, काहींना नुसता देखावा केला. बायॉप्सीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसरीत लेझरची तुलना क्लोबेटासॉलशी झाली. सहा महिन्यांनी लेझरच्या गटाला जास्त आराम होता. पण तिथे कोणता उपचार चालू आहे हे बायकांना माहीत होतं आणि बहुतेकींनी मलम आधी वापरलेलं होतं. त्याआधी, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘योनी तरुण करण्याच्या’ नावाखाली अशी यंत्रं विकण्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

म्हणून होकार देण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: निदान पक्कं आहे की बायॉप्सी लागेल? मी मलम पुरेसं आणि योग्य जागी लावलं का? लेझरनंतर मलम चालू ठेवायचं ना? तिसऱ्याचं उत्तर ‘आता मलमाची गरज नाही’ असं आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. आणि खाज थांबली तरी वर्षातून एकदा तपासणी चुकवू नये. न भरणारी जखम किंवा नवी गाठ दिसली, तर वर्षाचीही वाट पाहू नये.