तबकडीचे वेष्टन आणि साथीदारांची नावे

गाण्याविषयी बोलायचे म्हटले की वक्त्याने स्वर, राग आणि घराणी यांपासून आरंभ करावा असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र आज ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाविषयी बोलणार आहे. तबकडी ज्या चौकोनी पुठ्ठ्याच्या पाकिटात येते ते पाकीट, त्यावरचे चित्र आणि विशेषतः त्यावर छापलेली नावे, एवढाच माझा विषय. तो काही श्रोत्यांना क्षुल्लक वाटेल. त्यांनी घरी जाऊन माळ्यावरची जुनी पेटी खाली काढावी. आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा आणि वाळवी या दोघांनी मिळून काय केले आहे ते दिसेल. तबकडी बहुधा शाबूत असते; फार तर थोडी वाकलेली असते, आणि तरीही वाजते. वेष्टन मात्र गेलेले असते. मुख्य गायकाचे नाव तबकडीच्या मध्यावरच्या गोल लेबलावर राहते. तबला कोणाचा, सारंगी कोणाची, हे छापलेच असले तर बहुधा वेष्टनाच्या पाठीवर छापलेले असते, आणि वाळवी पहिल्याने तेच खाते.

आरंभी वेष्टनाला काही महत्त्व नव्हते. ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी साध्या कागदाच्या पिशवीत येई. पिशवीला मधोमध भोक असे आणि त्यातून लेबल वाचायचे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तिच्या जुन्या तबकड्यांत गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. पुष्कळांना तो नखरा वाटतो. वस्तुतः ती सोय होती. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला गाणे कोणाचे हे कळायला हवे होते. त्याच दमात 'आणि सारंगीवर अमुक' एवढे सांगायला आणखी दोन सेकंद पुरले असते. ते कोणी सांगितले नाही, आणि पुढची पन्नास वर्षे लेबलांवरही सहसा कोणी छापले नाही.

गाणाऱ्याचे नाव तरी नेहमी येई असे नाही. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटातले लता मंगेशकरांचे गाजलेले गाणे आठवा. त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे त्या चित्रपटातल्या पात्राचे नाव! जिथे लताबाईंची ही गत, तिथे मागे बसलेल्या व्हायोलिनवाल्याची दाद कोण घेणार?

या बाबतीत माझे डोळे उघडले ते अमेरिकेतल्या जॅझच्या ध्वनिमुद्रिका हाती आल्यावर. जॅझ म्हणजे धांगडधिंगा अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तशी ती गोष्ट नाही. एक धून सर्वांनी मिळून वाजवावी, मग एकेकाने तिच्यावर आपला विस्तार करावा आणि शेवटी पुन्हा धुनेवर यावे, ही तिची सामान्य रीत. मुखड्यावर परत येण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ती परकी वाटू नये. हा विस्तार वादक त्या क्षणी स्वतः रचतो. म्हणून धून तीच राहिली आणि वादक बदलला, तर तबकडीच निराळी होते.

हे ज्याने नीट ओळखले त्या कंपनीचे नाव ब्लू नोट. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायन या गृहस्थाने १९३९ साली ती न्यूयॉर्कमध्ये काढली. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीतून निसटून त्याला येऊन मिळाला. मुद्रण चालू असता वुल्फ वादकांची छायाचित्रे घेई आणि १९५६ पासून रीड माइल्स नावाचा कलावंत त्यांतून वेष्टने रचू लागला. माइल्सला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती. मला या गोष्टीचे काहीसे समाधानच वाटते. वेष्टन करणारा गाण्याने भारावलेला असला म्हणजे ढग, चंद्र आणि वीणा काढतो.

जॅझचे रसिक जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'चे (१९५७) वेष्टन फार नावाजतात. विचारात गढलेला वादक आणि सगळ्या चित्रावर निळी छाया. सुंदर आहे यात शंका नाही. पण माझे मत १९५८ च्या 'समथिन एल्स'ला. ती कॅननबॉल ॲडर्लीची तबकडी. तिच्या वेष्टनावर चित्रच नाही, नुसती अक्षरे आहेत. ॲडर्लीच्या नावाबरोबर माइल्स डेव्हिस, हँक जोन्स, सॅम जोन्स आणि आर्ट ब्लेकी, म्हणजे ट्रंपेट, पियानो, बास आणि ड्रम वाजवणारे चौघेही दर्शनी बाजूस! कोणी म्हणेल, डेव्हिसचे नाव खपासाठी घातले असेल. असेलही. पण सॅम जोन्सच्या नावावर किती प्रती जास्त खपल्या असतील?

हीच वाद्ये वाजवणारे गुणी लोक मुंबईतही होते, आणि त्यांतले पुष्कळ गोमंतकीय. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवी. पुणतांब्याला जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरले, आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. चित्रपटगीतांच्या तबकडीवर मात्र चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढ्यांचीच नावे. घराघरांत वाजलेल्या त्या ट्रंपेटचा धनी कोण, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

आपल्या 'गीतरामायणा'चेही असेच काहीसे झाले. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली ते सुरू झाले तेव्हा त्यात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला तो सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. बाबूजींच्या गाण्याविषयी दुमत नाही. पण पुढच्या पिढीला मूळच्या गायकांचा पत्ताच राहिला नाही. त्या गीतांना व्हायोलिनची साथ करणारे प्रभाकर जोग यांना मात्र पुढे स्वतःचे वेष्टन मिळाले. 'गाणारे व्हायोलिन' त्यांच्या नावाने निघाले आणि लोकांनी ते नावाने मागून घेतले.

लाँग प्ले आल्यावर आपल्याकडेही चित्र पालटू लागले. एका बाजूस वीस मिनिटे मिळाली, आणि बारा इंची चौकोनाच्या पाठीवर लिहायला भरपूर जागा झाली. भावगीतगायक जी. एन. जोशी हे एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. अमीरखाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी एकेका बाजूवर आले ते त्यांच्याच प्रयत्नाने. त्यांचीच १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा असे तिघे बरोबरीचे. पण तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे ती तबकडी शंभरदा ऐकलेल्या माणसाला विचारून पाहा. शंकर-जयकिशन यांच्या १९६८ च्या 'रागा-जॅझ स्टाइल'मध्ये रईसखाँची सतार सर्वांना आठवते. तिथे सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा आणि ड्रमवर लेस्ली गोदिन्हो होते.

नांदेडहून हैदराबाद जवळ, म्हणून आमची खरेदी तिथल्या जुमेरात बाजारातली. तिथे वेष्टनासह तबकडी मिळाली तर नशीब. घरी आणल्यावर ती आडवी रचू नये, पुस्तकासारखी उभी ठेवावी. पत्र्याखाली आणि भिंतीला टेकवून तर मुळीच ठेवू नये. वेष्टन फाटके असल्यास त्यावरची सगळी नावे आधी वहीत उतरून घ्यावीत, मग डिंकाची बाटली काढावी. माझ्याकडे एका बाईंच्या ख्यालाची अशी वेष्टनहीन तबकडी आहे. दुसऱ्या बाजूला विलंबित संपता संपता तबलजीने एक तुकडा असा घेतला आहे, की बाई क्षणभर थांबून हसल्याचे ऐकू येते. त्या तबलजीचे नाव मी कित्येक वर्षे शोधतो आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी ते वेष्टन असण्याचा संभव आहे. तबकडी मी बरोबर आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी ती ऐकून जावी.