दमयंतीच्या खुणा

स्वयंवराच्या मंडपात दमयंतीपुढे पाच नळ होते. चौघे देव, पाचवा खरा. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठीत मुरलेली ही कथा मुळात महाभारतातली. तिथे दमयंती नळाला ओळखते ती साध्या खुणांवरून. देवांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळ मात्र घामेजलेला, धुळीने माखलेला, स्वतःच्या सावलीसकट जमिनीवर उभा. रंगमंचावर प्रकाशाची माणसं उभी करू पाहणारे तंत्रज्ञ आज याच खुणांशी झगडत आहेत.

फेब्रुवारी २०१९मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत परफॉर्मन्स कलावंत मरीना अब्रामोविच यांचं ‘द लाइफ’ सादर झालं. प्रेक्षक मॅजिक लीप कंपनीचे, आरपार दिसणारे मिक्स्ड रिअॅलिटीचे चष्मे घालून, दोरीने आखलेल्या वर्तुळाभोवती उभे राहत. वर्तुळात लाल झग्यातल्या मरीना प्रकट होत, चालत, थांबत आणि विरून जात. जेमतेम १९ मिनिटं. प्रत्यक्षात तिथे कुणीच नव्हतं. आधी स्टुडिओत ३६ कॅमेऱ्यांनी सर्व बाजूंनी त्यांना एकाच वेळी टिपलं होतं आणि त्या चित्रांवरून क्षणाक्षणाची घनाकृती रचली होती. या पद्धतीला व्हॉल्युमेट्रिक कॅप्चर म्हणतात. याच मरीना २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात सातशेहून अधिक तास खुर्चीत बसून, समोर येईल त्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघत राहिल्या होत्या.

रंगमंचावर भूत दाखवणं नवं नाही. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२च्या नाताळात डिकन्सच्या कथेवरच्या प्रयोगात तिरक्या काचेवरच्या प्रतिबिंबातून भूत अवतरलं. २०१२मध्ये कोचेला महोत्सवात दिवंगत रॅपर टुपॅक ‘गायला’, तेव्हाही युक्ती तीच होती, फक्त काचेच्या जागी पातळ पारदर्शक पडदा. या युक्तीत प्रेक्षकाने समोरच बसायला हवं. बाजूला सरकून पाहिलं तर खेळ खलास. मरीनांच्या प्रयोगासारख्या मिक्स्ड रिअॅलिटीत प्रेक्षक उठून भुताभोवती फेरी मारू शकतो, आणि त्याला शेजारी बसलेली माणसंही दिसत राहतात. व्हर्च्युअल रिअॅलिटीचं हेल्मेट जग झाकून टाकतं. इथे जग तसंच राहतं, त्यात एकाची भर पडते. नाटकाच्या दृष्टीने हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण शेजारच्याचा श्वास रोखला गेलेला जाणवणं हा नाटक पाहण्याचाच भाग आहे.

पण भर घालायची तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि त्यासाठी चष्म्याला जमीन कुठे आहे ते कळायला हवं. अवकाशाचा स्कॅन लागतो तो इथे. चष्म्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो, भिंतीवर, खुर्चीवर, फरशीवर आदळून परततो. प्रकाशाला एक मीटर कापायला सुमारे ३.३ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे पाच मीटरवरच्या भिंतीला शिवून परत यायला ३३. या वेळेवरून अंतर निघतं आणि अशा असंख्य बिंदूंची जाळी विणून खोलीचा साचा तयार होतो. शिवाय छोटे कॅमेरे भिंतीचे कोपरे, खुर्च्यांच्या कडा, जमिनीवरचे ओरखडे लक्षात ठेवतात. तुम्ही मान वळवली की या खुणा किती सरकल्या ते पाहून चित्र तितकंच उलट सरकवलं जातं, तेही अखंड. हिशेब बोटभर चुकला तरी माणूस तरंगू लागतो, आणि डोळ्याला हे क्षणात कळतं. खुर्चीमागे गेलेला नट खुर्चीने झाकला गेला पाहिजे. ते जमतं तेही या साच्यामुळेच.

नाट्यगृहाची सगळी शिस्त मात्र यंत्राच्या मुळावर येणारी. काळे पडदे, काळ्या विंगा, काळा रंगवलेला मंच आणि अंधार. कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही. काळं मखमली कापड बरेचदा अवरक्त प्रकाशही गिळतं, आरसा त्याला भलतीकडे पाठवतो, धुरात तो विखुरतो. म्हणून भिंतींवर ठळक नक्षी चिकटवावी लागते, मंद उजेड राखावा लागतो. दुपारी एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात प्रयोग करणाऱ्या आपल्या दौऱ्यावरच्या नाटकाला याचा अर्थ लगेच समजेल. नेपथ्य टेम्पोतून नेता येतं, पण जागेचा साचा नेता येत नाही. तो प्रत्येक नाट्यगृहात नव्याने घ्यायचा.

सावलीची खूण आणखी अवघड. पारदर्शक चष्मा डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडात फक्त भर घालू शकतो, त्यातून काही वजा करू शकत नाही. काळा रंग म्हणजे उजेडाचा अभाव, त्यामुळे अशा चष्म्यात काळी वस्तू आरपार दिसते आणि सावली पाडताच येत नाही. २०२२मध्ये आलेल्या मॅजिक लीप २मध्ये काचेचा हवा तेवढा भाग मंद करण्याची सोय झाली, तेव्हा कुठे सावलीला जागा मिळाली. त्यातही दृष्टीचा आवाका तोकडाच आहे. तिरपा मोजला तर सुमारे ७० अंश. आकृतीच्या फार जवळ गेलात की तिचं डोकं तरी कापलं जातं, नाहीतर पाय.

राहिला घाम. तो जिवंत नटालाच येतो. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१६मध्ये ग्रेगरी डोरान यांच्या दिग्दर्शनात ‘द टेम्पेस्ट’ केलं, तेव्हा एरियल या वायुरूप पात्रासाठी वेगळी वाट धरली. मार्क क्वार्टली हा नट सेन्सर लावलेला पोशाख घालून मंचावरच होता. त्याच्या हालचालींवर त्याच क्षणी एक प्रकाशाकृती नाचत होती. प्रेक्षकांना चष्मे नव्हते. इथे प्रेक्षागृह हसलं तर नट थबकू शकतो, आणि त्याच्यासोबत भूतही थबकतं. आपल्या संगीत नाटकात ‘वन्समोअर’ची आरोळी आली की नट पद पुन्हा घेई. दोन्ही बाजूंमध्ये अशी ये-जा राहिली तरच त्याला जिवंत सादरीकरण म्हणावं, असं मला वाटतं. म्हणून तंत्राने मरीनांच्या प्रयोगापेक्षा कमी चकित करणारा हा एरियल मला जास्त मोलाचा वाटतो.

आणि तरीही ‘कागामी’ या प्रयोगापाशी माझं हे मत डळमळतं. जपानी संगीतकार र्‍यूइची साकामोतो यांना डिसेंबर २०२०मध्ये टोकियोत ४८ कॅमेऱ्यांनी पियानो वाजवताना टिपण्यात आलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्याला आतड्याचा कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. २८ मार्च २०२३ला ते गेले आणि सुमारे दहा आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या ‘द शेड’ या कलाकेंद्रात प्रेक्षकांनी चष्मे चढवले. दिग्दर्शक टॉड एकर्ट, ‘द लाइफ’चेच. कागामी म्हणजे आरसा. साकामोतोंनी आधीच लिहून ठेवलं होतं की आपलं हे रूप म्हातारं होणार नाही, शतकानुशतकं वाजवत राहील. पण ऐकायला तेव्हा माणसं असतील का? माणसांनंतर पृथ्वीवर राज्य करणारे माखूल (स्क्विड) ऐकतील का?

ही न कोमेजणारी माळ आहे, आणि गळ्यात घालणाऱ्याला ते ठाऊक होतं. एरवीच्या मैफलीत कुणी पियानोपाशी उठून जात नाही. इथे जाता येतं. खांद्यामागे उभं राहून बोटं बघता येतात, वाकून पेडलवरचा पाय बघता येतो. टाच जमिनीला टेकलेली असते. पुन्हा तेच वाजवा म्हटलं तर ऐकणारं कुणी नसतं. सूर विरतो आणि ठरलेल्या क्षणी पुढची रचना सुरू होते.