यंत्र पुस्तक आणून देते तेव्हा

श्रोतेहो, वाचनालयात पुस्तक मागितलं म्हणजे काय घडतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. आपण नाव सांगतो, ग्रंथपाल रजिस्टर चाळतात, कपाटाची किल्ली शोधतात आणि दैव अनुकूल असेल तर पुस्तक हाती येतं. आता असं ग्रंथालय डोळ्यांपुढे आणा, की जिथे ३५ लाख ग्रंथांची सोय आहे, पण ते शोधत कपाटांतून हिंडणारा माणूस एकही नाही. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात असं ग्रंथालय २०११ साली उघडलं. मन्सुएटो ग्रंथालय हे त्याचं नाव.

बाहेरून पाहाल तर काचेचा एक लांबट घुमट तेवढा दिसतो. त्याखाली विद्यार्थी वाचत बसतात, आणि पुस्तकं असतात त्यांच्या पायांखाली, सुमारे ५० फूट खोल तळघरात. तिथे लोखंडी मांडण्यांवर पेट्या रचलेल्या आहेत. मांडण्यांमधल्या अरुंद बोळांतून उंच यार्‍या धावतात, एकूण पाच. बंदरात माल उचलते तशीच ही यारी. फरक एवढाच, की हिला संगणक हाकतो. वाचकाने पुस्तक मागितलं, की यारी नेमक्या पेटीपुढे जाऊन उभी राहते, पेटी ओढून घेते आणि वर पाठवते. पेटीतून पुस्तक काढून देतो तो मात्र माणूसच. सारं काम काही मिनिटांचं. ही युक्ती मूळची कारखान्यांच्या गोदामांतली. ग्रंथालयात ती पहिल्याने १९९१ साली आली, कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज येथील विद्यापीठात.

खरी गंमत पुढे आहे. आपण पुस्तकं विषयवार लावतो : शेतीची इकडे, इतिहासाची तिकडे. इथे ती लावतात आकाराप्रमाणे! बुटक्या पेटीत बुटकी, उंच पेटीत उंच. व्याकरणाचं पुस्तक गुरांच्या रोगांवरच्या पुस्तकाला खेटून बसलं, तरी यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. पुस्तकावर आणि पेटीवर बारकोडाची पट्टी असते. कोणतं पुस्तक कोणत्या पेटीत, एवढं संगणकाने टिपलं की झालं. अशा रचनेमुळे साध्या कपाटांना लागते त्याच्या सातव्या हिश्श्याच्या जागेत काम भागतं, असं ते विद्यापीठ सांगतं.

शिक्षकबंधूंनी इथे जरा थांबावं. यंत्र ओळखतं ते क्रमांकाला, पुस्तकाला नव्हे. आपल्या कपाटात पुस्तक भलत्या जागी गेलं तर झाडपूस करताना कधीतरी सापडतं. इथे नोंद चुकली की धडधाकट पुस्तक हरवलं म्हणून समजा. हजारो पेट्या कोण उपसणार? एवढं मोठं यंत्र, पण त्याची सारी भिस्त कुणा कारकुनाने नीट केलेल्या नोंदीवर!

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. एक पुस्तक काढायला जावं आणि शेजारचंच जास्त उपयोगाचं निघावं, हा अनुभव कुणाला नाही? आपल्याकडचे थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम प्रसिद्ध केले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला एक. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा दुसरा. यंत्र पहिला नियम झकास पाळतं, पण दुसर्‍याची पंचाईत करतं. बंद पेटीतल्या पुस्तकावर कुणाची सहज नजर कशी पडावी?

शिकागोकरांनी यावर बेताचा तोडगा काढला. नेमका खंड, नेमकं पान मागत ज्यांच्यासाठी वाचक येतात, अशी जुनी नियतकालिकं आणि तत्सम ग्रंथ त्यांनी मुख्यतः खाली ठेवले. चाळून निवडायची पुस्तकं शेजारच्या मोठ्या ग्रंथालयात उघड्या मांडण्यांवरच राहिली. गावाबाहेरच्या गोदामात पुस्तकं धाडण्यापेक्षा हे केव्हाही बरं, असं मला वाटतं. उत्तर कॅरोलायना राज्यातल्या हंट ग्रंथालयाने २०१३ साली आणखी एक सोय केली. तिथे पुस्तकं पेट्यांतच असतात, पण संगणकाच्या पडद्यावर जणू कपाटच उभं राहतं : आपण मागितलेलं पुस्तक आणि त्याच विषयाची त्याच्या डाव्या-उजव्या हाताची पुस्तकं ओळीने दिसतात. आतलं पान उलटून पाहायचं, तर मात्र पेटी मागवावी लागते.